पोत्यावरची तीन अक्षरं

माघ शु. ३, शके १८६४

परवा सकाळचं लिहून ठेवतो. डोक्यातून जात नाही.

नेहमीसारखा उजाडताना तलावात उतरलो. गुडघाभर पाण्यात उभा राहून सूर्याला अर्घ्य द्यायला ओंजळ भरली. ओंजळीतलं पाणी लाल. गाळाचं तांबूस नव्हे, पानाची पिंक पडावी तसं. हे देवाला कसं द्यायचं? बोटं सैल केली, पाणी गळून जाऊ दिलं. सवयीनं हात जोडले गेले.

मागे घाटावर बाया घागरी घासत होत्या. त्यांनी एवढंच पाहिलं, की मी, तलावाच्या बांधाची ही पाळ राखणाऱ्यानं, लाल पाणी खाली सोडलं आणि नमस्कार केला. दुपारपर्यंत गावभर झालं : पाळीवरच्या मायला पदर आला, तलाव लाल झाला. संध्याकाळी तिच्या शेंदराच्या दगडापुढे हळदकुंकवाचा ढीग. बाया लोट्यांतून ते पाणी घरी नेत होत्या. तीर्थ म्हणून.

माघ शु. ५

सांगून पाहिलं. हे माय-बीय काही नाही, वरच्या काठाच्या लाखेच्या शेडमधून आलेलं पाणी आहे. घाटावरची म्हातारी सखू म्हणाली, "तूच त हात जोडले ना बापा. आता कायले लपवून राहिला?"

बाकीच्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मी मायचा गुपित निरोप एकटाच ठेवून घेतला.

शेड गोंदियाच्या शेठची. माझा धाकटा भाऊ भिवा तिथे मुकादम. पळसाच्या, कुसुमाच्या डहाळ्यांवरची लाख खरवडून गाडीनं आणतात, कुटतात, दगडी हौदात भिजवतात, बाया पायानं तुडवतात. लाखेत किडे असतात, ते चिरडून लाल रंग सुटतो. हौदाचं पाणी ओहळात, ओहळ तलावात. मी शेठला आधीच म्हटलं होतं, शेड पाळीच्या खालच्या अंगाला घ्या, घाण नाल्याला जाईल. पण खाली पाणी माझ्या हातून मिळतं, पाळीतल्या भोकाचं बूच काढीन तेव्हा. वरच्या काठाला घागर बुडवली की झालं. म्हणून वरचा काठ.

भिवाशी बोललो. तो हसला. "पानी आहे तवरच हे काम आहे गा दादा. पानी सरलं का शेठ दुसऱ्या दिवशी हौद उचलून चालला. तू कायले गाव चेतवून राहिला?"

"मी नाही चेतवलं. तूच सांग ना लोकायले, का हे लाखेचं पानी होय."

"मी सांगतो त शेठ मले काढते. तू सांगतो त गाव तुले काढते. मंग चूप बसनं बरं."

माघ शु. ९

लाखसाहेब आला आहे. दरवर्षी माल पारखायला कलकत्त्याहून येतो. म्हातारा, दमेकरी, टोपी डोक्यावर कमी आणि हातात जास्त. लाखेचा पापडा उन्हाकडे धरतो, कडकन मोडतो, तुकडा दिव्यावर धरून वास घेतो. मग मान हलवतो, एवढंच. शेठचे लोक त्या मानेकडे पाहत राहतात.

इंग्रज नाही तो. फ्रेंच. त्याचा मुलूख लढाईत जर्मनांनी घेतला. घरची खबर नाही. हे त्यानं सांगितलं नाही, भिवानं सांगितलं.

दुपारी पाळीवर येऊन बसला. पोत्यांवर काळ्या शाईनं तीन अक्षरं मारतात, ती मी विचारली. पहिलं उभ्या काठीला पाय फुटल्यासारखं, दुसरं आढ्यासारखं, तिसरं विळ्यासारखं. त्यानं मातीत छडीनं काढून दाखवली. एल, ए, सी.

"इंग्लिस में ये तुम्हारा लाख." मग छडी पाण्याकडे. "मेरा बोली में, यही लिखना, यही अक्षर, और मतलब ये. तालाब."

मी विचारलं, दोन्ही एकाच घरचे?

"नहीं, नहीं. इसका बाप अलग, उसका बाप अलग. सिर्फ कपडा एक."

त्याच्या घरापुढे तलाव आहे म्हणे, डोंगरात. आमच्याहून फार मोठा. कोणी बांधला, विचारलं. म्हणाला, कोणी नाही, देवानं. मला ते नीट कळलं नाही. न बांधलेला तलाव कसा असतो?

माघ शु. १२

ला. सा. रोज पाळीवर येतो. बोलायला कोणी नाही त्याला. मलाही नाही, खरं म्हणजे.

आज म्हणाला, पहिल्या शब्दाचा बाप तुमच्याकडचाच. संस्कृतात लाक्षा, तुमची लाख. ती अरबांच्या गलबतांवरून गेली, शब्दही तिच्याबरोबर गेला. इटलीवाले एक बोलतात, पोर्तुगीज थोडं वेगळं. जर्मन शेवटी आणखी एक अक्षर जोडतात आणि त्याचा अर्थ टेबलखुर्चीची चकाकी. रुमानिया म्हणून देश आहे, तिथे तीच तीन अक्षरं चकाकीलाही आणि तलावालाही. गोंधळ होत नाही का? नाही म्हणाला. शेजारचे शब्द कळतात, मग हाही कळतो.

दुसऱ्या शब्दाचा बाप जुन्या रोमचा. तिथे आधी त्याचा अर्थ हौद, टाकं. मग मोठं साचलेलं पाणी. मग तलाव.

रात्री जेवताना सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "येवढा शिकलेला साहेब, अन् त्याले पानी लाल दिसत नाही का?"

माघ पौर्णिमा

विचारलं. दिसतं म्हणाला. हा लाल रंग एके काळी लाखेहून महाग होता. त्याच्या देशातल्या बाया त्यानं रेशीम रंगवून घेत. चित्रं काढणारे इंग्रज अजून एका लालीला जे नाव देतात, ते म्हणे या लाखेवरूनच पडलं. पुढे कोळशातून स्वस्त रंग निघाला आणि हा कोणाला नकोसा झाला. आता फेकतात.

"नाम रह गया. रंग पानी में."

मग एक गोष्ट हळू बोलला. लाल पाणी सडेल, वास मारेल, मासे मरतील. पण शेडमध्ये भट्टीवर लाख वितळवताना पिवळी भुकटी घालतात, माल सोन्यासारखा दिसावा म्हणून. हरताळ. ते विष आहे. त्याची भांडी तलावात धुऊ देऊ नका, पोरं दूर ठेवा.

मी घाटावर गेलो. भट्टीवाला परातच धूत बसला होता. कडेला पिवळा कण. त्याला म्हटलं, इथे नको. तो म्हणाला, "तो कहाँ धोऊँ, महाराज? गंगाजी में?" पलीकडे बाया मायला ओवाळत होत्या.

लाल सगळ्यांना दिसलं. पिवळं कोणाला दिसत नाही.

माघ व. २

गाव ज्याच्या मालकीचं त्या मालगुजाराकडे गेलो. ओटीवर उभं ठेवलं. हरताळाचं सांगितलं, साहेबाचं नाव न घेता.

म्हणाला, "तलाव तुझ्या पणज्यानं बांधला हे खरं. पण बांधला माझ्या पणज्याच्या जमिनीवर. तू पाळ राख, बुचं राख. पाण्यात काय पडतं ते मी पाहीन." मग जरा मऊ होऊन, "लढाई आहे रे. सरकारला लाख लागते, बंदुकीला, विमानाला, कशाकशाला. पावसाळा आला की सगळं धुऊन जाईल."

पावसाळ्यापर्यंत लोक काय पितील, हे विचारायचं राहिलं. विहिरी फाल्गुनात आटतात हे त्यालाही माहीत आहे.

माघ व. ५

मासे वर आले. पांढरी पोटं काठाला. कुत्रीसुद्धा तोंड लावत नाहीत. सखू म्हणाली, मायनं आपली लेकरं पोटात परत घेतली.

शेजाऱ्याची दुभती म्हैस तोंडाला फेस येऊन पडली.

लोक अजून तीर्थ नेतात. पूर्वीहून जास्त.

माघ व. ८

ला. सा. उद्या निघणार. त्याला म्हटलं, तुम्ही शेठला सांगा, तुमची मान तो पाहतो. माल नाकारा, मग तो हौद खाली हलवील.

बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "मैं सिर्फ माल देखता. माल अच्छा है."

त्याला वाईट वाटलं असावं. निघताना, बोलता बोलता मातीत पुन्हा काढलेली ती तीन अक्षरं बुटानं पुसली. कोणती पुसली त्यानं, आमची का त्याची, कोण जाणे.

पोथीतलं लाखेचं घर आठवतं आहे दोन दिवस. आईला आणि पाच भावांना जाळायला बांधलेलं. ते भुयारातून निसटले. पण त्या रात्री तिथे जेवून झोपलेली एक रानातली बाई आणि तिचे पाच मुलगे जळाले. ते कोण होते, पोथी सांगत नाही. वडील वाचायचे तेव्हा मी दर वेळी तिथे थांबवून विचारायचो. ते म्हणायचे, पुढे चाल.

माघ व. ११

भिवाची पोर चिंधी आजारी. सहा वर्षांची. वांत्या, पोट धरून लोळते. सौ. तिकडेच आहे.

कौशी, भिवाची बायको, हौदात लाख तुडवते. तिचे पाय घोट्यापर्यंत लाल, भेगांत कायमचा रंग बसलेला. मला पाहून डोक्यावरचा पदर ओढला. म्हणाली, "मी रोज तीर्थ देऊन राहिली तिले, भावजी. पोरगी बारीक आहे, मायचं पानी लागंल म्हून."

तिला म्हटलं, आता विहिरीचं दे. विहीर तळाला गेली आहे, गाळून गाळून लोटाभर निघतं.

भिवा अंगणात उभा. जवळच्या गोरेगावच्या डॉक्टरला आणायला गाडी जुंपत होता. जू बसेना. मी हात लावला तर म्हणाला, "सोड. मी करतो."

माघ व. १३

डॉक्टर येऊन गेला. पाणी बदला म्हणाला. कुठून बदलायचं ते त्यानं सांगितलं नाही, त्याचं ते काम नाही.

चिंधीनं आज मला ओळखलं. "मोठेबाबा, माही पाटी ठेवली का?" धुळवडीला प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस एक पाटी माती पाळीवर टाकतं, रांगतं मूलसुद्धा. हा आमच्या गावचा रिवाज, तलाव झाला तेव्हापासूनचा. मी तिच्यासाठी वाडग्याएवढी पाटी विणून देईन म्हटलं होतं. ठेवली, म्हटलं. विणली नव्हती.

घरी येऊन बांबू चिरायला बसलो.

माघ अमावास्या

गेली. पहाटे.

नाल्याकाठी मातीत ठेवली. पाळीच्या खालच्या अंगाला.

फाल्गुन शु. ३

लिहायला काही नाही. नामस्मरणात मन राहत नाही. माळ फिरते, तोंडात मात्र साहेबाची ती तीन अक्षरं येतात, जपासारखी. देव क्षमा करो.

अर्घ्य घरातल्या तांब्यातून देतो, अंगणात. विहिरीचं पाणी देवाला, गाळ आम्हाला.

फाल्गुन शु. ६

भिवा कामावर गेला. कौशीही. मी वाटेत उभा राहिलो.

"जाऊ नको म्हनशील, त मंग खाऊ काय?" भिवा म्हणाला. त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते. "पानी कोनाच्या बापाचं आहे, ते तुले अन् मालगुजाराले माहीत. मले लाख माहीत."

कौशी मागे थांबली. म्हणाली, "भावजी, तुमी त्या दिवशी हात जोडले, ते काऊन जोडले?"

सवयीनं, म्हटलं.

तिनं मान डोलावली. जसं काही हेच उत्तर येणार हे तिला ठाऊक होतं. मग हौदाकडे गेली.

फाल्गुन शु. ९

पाळीवरून पाण्याकडे पाहत बसलो. आमचा पणजा लिहिणं जाणत नव्हता. ओहळ कुठं अडवावा, माती कुठली चिकट, सांडवा किती उंच, सगळं डोक्यात. तलावाला त्यानं नावही दिलं नाही. नुसता तलाव. आम्ही म्हणतो तेच नाव.

साहेबाच्या बोलण्यातलं एक उलगडून पाहतो. तिकडे आधी हौद, मग तलाव. इकडे आधी तलाव होता, आता हौद झाला. लाख धुवायचा एक मोठा हौद. त्याची पाळ मी राखतो.

पाळीच्या आत पाण्यात उभ्या पोकळ खांबाला एकाखाली एक भोकं आहेत, लाकडी बुचं ठोकलेली. भातासाठी वरची काढतो, मग मधली. तळाचं बूच आमच्या घराण्यात कोणी काढलेलं नाही. वडील मरताना तेवढंच म्हणाले होते : तळाचं पाणी गुरांचं आणि माशांचं, ते आपलं नव्हे. आणि पाळ वाळू देऊ नको. वाळली की भेगा पडतात, मग पहिल्या पुराला जाते.

मासे उरले नाहीत. गुरं लोक लांबच्या बोडीवर नेतात, त्या लहान तळ्याचं पाणीही गुडघ्याखाली.

सौ.नं विचारलं, "काय चाललं डोक्यात?"

काही नाही म्हटलं.

"मले कळते," म्हणाली. "मीठ संपलं आहे, बाजाराचा दिवस उद्या आहे, एवढं ध्यानात ठेवा."

फाल्गुन शु. ११

मालगुजाराकडे पुन्हा. या वेळी ओटीवर शेठही होता. पान पुढे केलं त्यानं. म्हणाला, "बच्ची का सुना. बहुत बुरा हुआ. पर बच्चे तो हर साल मरते हैं भाई, तालाब लाल न हो तब भी."

खोटं नाही. म्हणूनच त्याचं काही करता येत नाही.

हौद पाळीखाली न्या, मी रोज बूच काढून पाणी देईन, वेळेवर देईन, म्हटलं. शेठनं मालगुजाराकडे पाहिलं. मालगुजार म्हणाला, "पुढल्या वर्षी पाहू."

पान तिथेच ठेवून आलो.

फाल्गुन पौर्णिमा

होळी पेटली. बायांनी लाल पाण्याचा लोटा होळीभोवती फिरवला. कौशी आली नव्हती.

धुळवड

पाट्या टाकल्या. गाव आलं, पण पूर्वीसारखं हसणं नाही. सखूनं आपली पाटी मायपुढे टाकली, पाळीवर नाही. मी उचलून पाळीवर टाकली, ती पाहत राहिली.

शेवटी भिवा आला. स्वतःची पाटी खांद्यावर, कौशीची डोक्यावर. दोन्ही टाकल्या. मग कमरेच्या धोतराच्या ओच्यातून मूठभर माती काढली, आणि ती कुठे टाकावी हे त्याला कळेना. आमच्याकडे गेलेल्या माणसाची पाटी टाकत नाहीत.

मी ती वाडग्याएवढी पाटी पुढे केली. विणून झाली होती, कोपऱ्यात ठेवली होती. आज का आणली ते मला सांगता येणार नाही. त्यानं मूठ तिच्यात सोडली. आम्ही दोघांनी धरून ती पाळीवर उपडी केली.

"दादा," तो म्हणाला, "पानी नसतं त हे झालं नसतं."

लाखेबद्दल बोलत होता की चिंधीबद्दल, विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या तू कामावर जाऊ नको."

"काऊन?"

"जाऊ नको."

तो माझ्याकडे पाहत राहिला. बापासारखे डोळे आहेत त्याचे. मग पाटी उचलून घेऊन गेला.

फाल्गुन व. २

आज सकाळी, ऊन वर आल्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरलो. लपून करायचं हे काम नव्हे. आधी मायच्या दगडाला नमस्कार केला. या वेळी सवयीनं नाही. मग खांबाशी गेलो. वरची बुचं काढली, मधली काढली. तळाच्यासाठी पाण्याखाली बुडी मारावी लागली. तोंड घट्ट मिटलं होतं. ते निघेना. किती पिढ्या पाण्यात फुगलेलं लाकूड. कुऱ्हाडीचा दांडा लावून हलवलं, पायानं ढकललं. मनात नाम घेत होतो आणि शेवटी नामही सुटलं.

निघालं. पाणी ओढायला लागलं, माझा पायही ओढला. पाळीखालच्या भोकातून पहिलं काळं आलं, मग लाल. खालच्या शेतांत आता काही उभं नाही, मोकळ्या बांधांमधून ते नाल्याकडे धावलं. चिंधीला ठेवलं तिथून लांबून, एवढं मी कालच पाहून ठेवलं होतं, मातीचा बांध घातला होता.

लोक जमले. कोणी ओरडलं नाही, ते बरं नव्हे. सखू मायच्या दगडापाशी बसून रडत होती, "मायले वाहून नेलं गा, मायले वाहून नेलं." वरच्या काठाला बाया हौदातून बाहेर येऊन उभ्या, लाल पायांनी. कौशी त्यांच्यात नव्हती. शेठचा माणूस घोड्यावरून मालगुजाराकडे गेला. भिवा पाळीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, कामावर न जाता. माझ्याकडे आला नाही. उठूनही गेला नाही.

संध्याकाळी. पाणी अजून जातं आहे. मधला गाळ उघडा पडला, त्यावर पिवळसर थर, ऊन तिरपं आलं तेव्हा दिसला. आता सगळ्यांना दिसेल.

मालगुजाराचा निरोप आला, उद्या गाव बसणार, मला बोलावलं आहे. जाईन. पाळ ओली कशी ठेवायची, कोणाच्या खांद्यानं, पाऊस येईपर्यंत, हे मला विचारायचं आहे. ते मला काय विचारतील ते माहीत आहे.

तळाचं बूच घरी आणलं. दगडासारखं जड, काळं. देवघरात ठेवावं की नको ठरेना. सौ.नं ओट्यावर ठेवलं, वर फडकं टाकलं. मग घागर घेतली. बोडी लांब आहे, म्हणाली, आता निघाली तर अंधाराआधी एक खेप होईल.

तिच्या मागोमाग भिवाच्या दारातून कौशी निघाली. तिच्या डोक्यावरही घागर होती.